उतार लागल्यावर

"तीनदा टोचलं बघा. तीनदा. आणि वर मलाच म्हणत्या, आजोबा, शीर लपवू नका. आता शीर काय मी खिशात घालून हिंडतोय व्हय?"

बाकड्यावर माझ्या आणि आत्तींच्या मधे एक म्हातारबुवा दंडावर कापूस दाबून बसले होते. ते माझ्याशी बोलत नव्हते, आत्तींशीही नाही. समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरशी बोलत होते. पोस्टरवर एक हसरं म्हातारं जोडपं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ कवच : आम्ही तुमच्या सोबत आहोत'.

"माझी पहिल्या झटक्यात घावली," आत्ती म्हणाल्या. मालन होगाडे, माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. "शिरेत जोर पाहिजे हो."

म्हातारबुवांनी कापूस दुसऱ्या बाजूनं दाबला. आत्ती खूश. दुसऱ्याचं काहीतरी आपल्यापेक्षा कमी निघालं की त्यांना दोन घास जास्त जातात.

ही वर्षाची तपासणी. इचलकरंजीतल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना वॉर्डातल्या दवाखान्यात जाऊन दंड पुढं करावा लागतो, नाहीतर कवच योजनेचं कार्ड बंद पडतं. कार्ड बंद म्हणजे दवाखाना बंद. तेव्हा सगळे जातात, कुरकुरत जातात, आणि रक्त देऊन आल्यावर आठवडाभर फोन वाजला की दचकतात.

या तपासणीत काय बघतात ते मी माझ्या पद्धतीनं सांगते. माझं शिक्षण दहावीपर्यंत, बाकीचं वाचून आणि लोकांना विचारून भंडावून मिळवलेलं. आपल्या अंगात रोज असंख्य पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. मरणारी पेशी तिच्या पोटातल्या धाग्याचे तुकडे रक्तात सोडून जाते. त्या धाग्याला डीएनए म्हणतात हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. धागा सगळ्या अंगात एकच, पण काळजाच्या पेशीनं त्यावर एका जागी गाठी मारलेल्या असतात, मूत्रपिंडाच्या पेशीनं दुसऱ्या जागी, मेंदूच्या पेशीनं तिसऱ्याच. मी मेंडिंगचं काम करते, म्हणजे मागावरून आलेल्या कापडात तुटलेला धागा हुडकायचा आणि सुईनं जोडायचा. त्यामुळं मला हे लगेच समजलं. चिंधी हातात आली की ती कुठल्या मागावरच्या ताक्याची हे आमच्याकडं जुनं माणूस सांगतं. तसंच हे यंत्र रक्तातल्या चिंध्या बघून सांगतं की कुठला अवयव किती झिजतोय आणि नवं विणणं किती मागं पडलंय. विणण्यापेक्षा उसवण्याचा वेग वाढला, आणि तो एका अवयवातून दुसऱ्यात पसरायला लागला, की तो माणूस उताराला लागला. बहुतेक वर्षाच्या आत खाली पोचतो.

हा शोध लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता असं मला अजूनही वाटतं. आजार लवकर कळावा आणि लवकर उपचार व्हावेत, एवढंच त्यांच्या मनात असणार.

पण कवचाची तिजोरी तोवर तळाला गेली होती. म्हातारी माणसं वाढली, कमावणारी कमी झाली, औषधं आणि यंत्रं महागली. हिशेब करणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं की माणसावर होणाऱ्या खर्चातला सगळ्यात मोठा घास त्याच्या शेवटच्या वर्षात जातो. अडचण एवढीच होती की शेवटचं वर्ष कुठलं हे ते संपल्यावरच कळायचं. आता आधी कळायला लागलं.

मग पुढचं सगळं फार गोड शब्दांत आलं. उतार लागलेल्या माणसासाठी 'स्वगृह'. दवाखान्याची दगदग नाही, सुया नाहीत, नळ्या नाहीत. घरी नर्स येणार, दुखणं कमी करायचं औषध देणार, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी देणार. आणि मोठे उपचार न केल्यामुळं कवचाचे जे पैसे वाचतील, त्यातला वाटा माणूस गेल्यावर घरच्यांना. अकरा लाख. त्याचं नाव 'कृतज्ञता रक्कम'. कोण कुणाला कृतज्ञ, ते कुठं लिहिलेलं नाही.

जबरदस्ती अजिबात नाही. घरात बैठक घ्यायची, कवचाचा माणूस येणार, सगळ्यांना विचारणार. कुणी स्पष्ट नकार दिला तर सगळे उपचार पूर्वीसारखे. स्पष्ट नकार आला नाही तर संमती समजायची.

हा नियम करणारा माणूस आपल्यातलाच असणार, परका नाही. आपल्या घरांतून कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही हे परक्याला कसं कळणार?

आमच्या शेजारच्या कमलकाकूंच्या अण्णांच्या बैठकीला मी चहा द्यायला गेले होते. पोरं म्हणाली, अण्णांची इच्छा असेल तसं. अण्णा म्हणाले, पोरांना सोयीचं पडेल तसं. काकू पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, देवाच्या मनात असेल तसं. कवचाच्या माणसानं पाटावर ठेवलेल्या, सगळं ऐकणाऱ्या छोट्या डबीचा दिवा हिरवा झाला आणि बैठक संपली. चहासुद्धा गरम होता अजून. अण्णा दिवाळी बघायला राहिले नाहीत. पुढं काकूंच्या घरी नवीन फरशी बसली. मी ती फरशी बघायला गेले नाही, आणि त्यावरून काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलंय.

आत्तींचा फोन आला तेव्हा त्या भडंग खात होत्या. मीठ बंद आहे त्यांना, म्हणून दाराकडं पाठ करून खात होत्या. फोनमधली बाई म्हणाली, "अभिनंदन, आपण स्वगृह सुविधेसाठी पात्र आहात." आत्तींनी फोन माझ्याकडं दिला आणि विचारलं, "काय लागलंय गं? लॉटरी?"

बाईनं पुढं मिरजेच्या तपासणीची तारीखही दिली. मी म्हटलं, "काळजाची तपासणी करायला मिरजेला बोलावलंय."

इतकंच म्हटलं. बाकीचं म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मुठीतले भडंग परत डब्यात टाकले.

मिरजेच्या डॉक्टर मुल्ला माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आत्तींना आतल्या खोलीत झोपवलं, छातीवर यंत्र फिरवलं आणि मला बाहेर घेऊन आल्या.

"काळजातली एक झडप घट्ट झालीय. रक्त पुढं जायला वाटच राहिली नाही, म्हणून दम लागतो, पाय सुजतात. मूत्रपिंडांवर ताण आलाय तो त्यामुळंच."

"मग?"

"मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवता येते. छाती फाडावी लागत नाही. झेपेल त्यांना. नाही झेपणार असंही होऊ शकतं. झेपलं तर दोन वर्षं, चार वर्षं, नीट जातील."

"मग बसवा की."

"उतार लागलाय ना त्यांना. बैठक व्हायला पाहिजे आधी. नकार आला तरच मला हात लावता येतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही मुलगी का?"

"सून."

"मग तुमचा नकार चालत नाही. पोटच्या मुलांनी द्यायचा, नाहीतर स्वतः आजींनी."

पंचवीस वर्षं त्यांचं पथ्यपाणी, गोळ्या, रुसवे, सगळं माझ्याकडं. आणि माझं तोंड हिशेबात नाही. मी ते गिळलं आणि दुसरंच विचारलं.

"ही तपासणी खरी कितपत निघते, मॅडम?"

"पहिल्यांदा शंभरातली सत्तर माणसं वर्षात जायची. आता नव्वदच्या वर जातात."

"म्हणजे यंत्र सुधारलं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "यंत्र तेच आहे."

मी बाहेरच्या बाकड्यावर आत्तींची वाट बघत बसले आणि ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. यंत्र तेच. रक्त तेच. म्हातारी माणसंही तशीच. मग जास्तीची वीस माणसं कशानं जायला लागली? उतार लागला की उपचार थांबतात. उपचार थांबले की माणूस जातो. माणूस गेला की तपासणी खरी ठरते. खरी ठरली की लोकांचा विश्वास वाढतो, आणि पुढच्या बैठकीत नाही म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. पहिल्या वर्षी जी तीस माणसं यंत्राला खोटं पाडून भाजी आणायला बाजारात जात होती, त्यातली वीस आता जात नव्हती.

मी उठून परत आत गेले. "मॅडम, यंत्र ज्यांना मरणार म्हणतं त्यांना आपणच—"

"हे मी बोलले नाही," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या.

"मीसुद्धा अजून बोलले नाही."

"मग बरंय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचे डोळे मात्र माझ्या मागं दारापर्यंत आले.

उमेश, माझा नवरा, एका कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडले की दुरुस्त करायचे. रात्रपाळी करून सकाळी आला, अंगावर कापसाची धूळ, आणि भाकरी मोडायला बसला. मी ताट पुढं केलं आणि तिथंच बसले.

"अहो, बैठकीत तुम्ही नाही म्हणा."

"कशाला नाही?"

"माहीत आहे कशाला ते."

"आईला इचार की. तिच्या मनात काय आसंल ते."

"त्यांना विचारलं तर त्या म्हणणार, पोरं म्हणतील तसं."

"मग झालं की."

"काय झालं?"

त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथंच ठेवला. "हे बघ रूपा. कवचासाठी माझ्या पगारातनं कापत्यात. आपल्या अमृताच्या पगारातनं तर माझ्या दुप्पट कापत्यात. पोरगी पुण्यात चौघींत खोली घेऊन राहती. सगळ्या म्हाताऱ्यांच्या झडपा बदलायच्या म्हटल्या तर ह्या पोरांनी खायाचं काय?"

"सगळ्या म्हाताऱ्यांचं मी बोलतच नाही. आत ज्या बसल्यात त्यांचं बोलतेय."

"प्रत्येकजण त्याच्या घरातल्याचंच बोलणार. मग तिजोरी कुणी भरायची?"

  उमेश काही वाईट माणूस नाही. आईला खोकला लागला की तो उठून पाणी देतो. पैसे कमी आहेत हेही खरंच आहे, आभाळातून पडत नाहीत. पण कमी आहेत तर कमी आहेत म्हणा की. कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही ते भर सभेत उभं राहून ठरवा, आणि लोकांच्या शिव्या खा. ते धाडस नाही, म्हणून तो प्रश्न उचलून आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला, भाकरीच्या ताटाशेजारी. त्यावर अकरा लाखाचा गूळ लावला. आता आम्ही आपसात बघत बसायचं, मुंगी कोण होतंय ते.

"अकरा लाखातलं तुमच्या वाट्याला किती येणार?" मी विचारलं.

तो ताटावरून उठला. भाकरी तशीच राहिली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवसांत घरात माया फार वाढली. माझे थोरले दीर राजेंद्र चाकणला असतात, त्यांनी काजू-बदामाचा डबा आणि एक शाल पाठवली. नणंद सविता कुरुंदवाडहून आली आणि आईचे पाय चेपत बसली. जयसिंगपूरचे मावसभाऊ येऊन नमस्कार करून गेले. फोटो निघाले. कुणी आलं की आत्तींच्या उशाशी बसायचं, हातावर हात ठेवायचा, आणि छताकडं बघायचं.

"ही सगळी माझ्या पाया का पडायला लागल्यात गं?" आत्तींनी मला विचारलं. "मी काय निवडणुकीला उभारलीय?"

"तब्येत बघायला येतात."

"तब्येत काय पायात असती?"

आम्ही पत्ते खेळत होतो. दुपारी आम्ही दोघी पाचतीनदोन खेळतो. तिसरा भिडू नसला तर त्याचे पत्तेही आत्तीच खेळतात, आणि अर्थातच लबाडी करतात. त्या दिवशी दम लागत होता, एकेक पत्ता टाकून थांबत होत्या, पण हुकमाचा एक्का मांडीखाली होता हे मला दिसत होतं.

"आत्ती," मी म्हटलं, "रविवारी ती बाई येईल. तिला स्पष्ट सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला जे वाटतंय ते."

"मला काय वाटायचंय? पोरं म्हणतील तसं."

हे वाक्य त्यांचं जुनं आहे. सोयरीक ठरली तेव्हा वडलांना म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. सासऱ्यांनी घरचे माग विकायला काढले तेव्हाही तेच. मी लग्न होऊन आले तेव्हा उमेशनं वरची खोली बांधू का म्हणून विचारलं, तेव्हाही तेच. पण ते म्हटल्यावर त्या काय करतात, हे घरातल्या माणसालाच माहीत असतं. भांडी जोरात ठेवायच्या. जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणायच्या. ज्यानं विचारलं त्याच्याकडं सोडून सगळ्यांकडं बघायच्या. मग दोन दिवसांनी ज्यानं विचारलं तोच म्हणायचा, जाऊ दे, राहू दे. माग विकले गेले नाहीत तेव्हा. वरची खोली अजून झालेली नाही. आयुष्यभर त्यांनी असंच 'नाही' म्हटलं आणि घरानं ते ऐकलं.

डबीला भांडी ऐकू येणार नव्हती.

"आत्ती, तिथं असं म्हटलं तर चालत नाही. तिथं ते हो धरतात."

"धरू देत."

"मग ते झडप बसवणार नाहीत."

"नसंना का."

"मग..." आणि माझं पुढचं वाक्य तोंडात अडकलं. मग तुम्ही मराल, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. सगळ्यांवर मनातून चिडलेली मी, मलासुद्धा ते म्हणता येईना. मी म्हटलं, "मग पुढं अवघड जाईल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मांडीखालचा एक्का काढून टाकला. "माझे हात झाले. पिस."

रविवारी सकाळी कवचाची बाई आली. प्राजक्ता नाव, तिशीची, स्वच्छ सुती साडी, आवाज मऊ. मला तिचा राग करायचा होता पण तिनं चपला काढून पाय धुतले, आत्तींना वाकून नमस्कार केला आणि साखर कमी चहा मागितला. तिला महिन्याला किती बैठका घ्याव्या लागतात ते मी विचारलं. "विचारू नका ताई," ती म्हणाली, आणि खरंच थकलेली दिसली.

आत्ती कॉटवर भिंतीला टेकून. राजेंद्र भाऊजी खुर्चीवर, सविता कॉटच्या कडेला, उमेश दारात उभा. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीत. तिनं डबी मधोमध ठेवली.

"ही सगळं ऐकते आणि तसंच पाठवते. कुणी घाबरायचं नाही. आजींचा आरामाचा टप्पा सुरू होतोय. त्यांना त्रास होऊ नये एवढंच आपण बघणार आहोत." मग तिनं वयाच्या क्रमानं विचारलं. "दादा, तुमचं?"

"आईच्या मनाविरुद्ध आम्ही काही करणार नाही," राजेंद्र भाऊजी म्हणाले. घसा साफ केला. "तिनं आयुष्यभर कष्ट केलेत. मागाच्या कांड्या भरून आम्हाला शिकवलंय. आता तिला नळ्या लावून छळायचं का, हाही विचार आहे. पण ती म्हणेल ते."

"तुम्ही?"

उमेशनं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. मी ट्रे घट्ट धरला. "दादा म्हणतोय त्यात..." तो म्हणाला, "म्हणजे आईचं जे आसंल ते."

सविता रडत होती. "मला काय कळतंय? दादा-भैया म्हणतील तसं."

"आजी?"

आत्ती कपातल्या चहावर फुंकर मारत होत्या. "पोरं म्हणतील तसं."

"छान," प्राजक्ता म्हणाली. मन लावून ऐकणाऱ्या माणसासारखी तिनं मान हलवली. "समजूतदार घर आहे. म्हणजे नकार कुणाचाच—"

"माझा आहे," मी म्हटलं.

"ताई, तुमचं घेता येत नाही मला."

"घेऊ नका. ऐका तरी. डबीलाही ऐकू दे." मी ट्रे खाली ठेवला. "डॉक्टर म्हणाल्यात झडप बसू शकते. दोन वर्षं, चार वर्षं. हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तिघांनाही सांगितलंय. आणि तिघंही आईचं मन, आईचं मन करताय. आईचं मन एवढं बघायचंय तर मागच्या वर्षी त्या पाय सुजून पडल्या तेव्हा कुठं होतात, भाऊजी? शाल तेव्हा पाठवायची."

"रूपाली," राजेंद्र भाऊजी म्हणाले, "आईसमोर हे असं बोलतात का?"

"आईसमोरच बोलायचंय. आईमागं तुमचं बोलून झालंय. चाकणच्या फ्लॅटचा हप्ता किती आणि सविता वन्संचं कर्ज किती, ते सगळं बोलून झालंय. मी चहा करत होते तेव्हा. भिंत पातळ आहे आमची."

"वहिनी, एवढं खालचं बोलू नका," सविता म्हणाली.

"खालचं मी बोलतेय? तिकडं तिजोरीवाले बोलत नाहीत, इकडं तुम्ही बोलत नाही, डॉक्टर बोलत नाहीत. सगळे चांगले. सगळे मऊ. आणि माणूस मात्र जायला पाहिजे वेळेवर, नाहीतर यंत्र खोटं पडतंय."

"बस कर," उमेश म्हणाला. हळू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची दया आली नाही.

प्राजक्तानं डबीवर हात ठेवला. "ताईंच्या भावना मी समजू शकते. पण नियमानं..."

"बाई," आत्ती म्हणाल्या.

 आत्तींनी कप बशीत ठेवला. बशी वाजली.

"ते बंद झालं का?"

"नाही आजी, अजून सुरू आहे."

"मग माझं परत घे. मी न्हाई म्हणते."

भाऊजी पुढं झुकले. "आई, तू ह्या रूपालीच्या बोलण्यावर—"

"तिचं काय मला सांगू नको. ती माझ्याबरोबर पत्त्यात हरती, तिचं काय ऐकतीय मी." त्यांना धाप लागली. थांबल्या. कुणी पाणी द्यायलाही उठलं नाही. "न्हाई म्हणते. लिही."

प्राजक्तानं डबीच्या छोट्या स्क्रीनवर बोट सरकवलं. तिचा आवाज पहिल्यांदा जरा अडखळला. "आजी, नकाराला कारण निवडावं लागतं. घरातलं लग्नकार्य आहे का? नातवंड व्हायचं आहे का? देवदर्शन राहिलंय? जमिनीचा काही व्यवहार?"

"त्यातलं कायबी न्हाई."

"मग मी काय लिहू?"

आत्तींनी एकेकाकडं पाहिलं. आधी थोरल्याकडं, मग मुलीकडं, मग दारात उभ्या असलेल्या उमेशकडं. कुणाला नजर वळवायला जागा ठेवली नाही.

"लिही," त्या म्हणाल्या, "ह्यास्नी वाटतंय मी मरावी. आणि मला मरायचं न्हाई."